हेरपटातला विवादी स्वर

गेल्या पौषात संगीताच्या परीक्षांच्या निमित्ताने आदिलाबादला जाण्याचा योग आला. हैदराबादहून नागपूरच्या रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर. वाटेत गोदावरी लागते, निर्मळच्या पुढे घाट लागतो, आणि घाट चढून वर आले की कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात व कानावर पडणारी भाषा हळूहळू बदलते. तेलुगू असतेच, पण तिच्या शेजारी वऱ्हाडी वळणाची मराठी, दुकानातून उर्दू, आणि बाजाराला उतरलेल्या मंडळींची गोंडी. आमच्या जुन्या वाचकांना हे सांगायला नको की हा आपल्याच हैदराबाद संस्थानातला जिल्हा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद मात्र आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आले. माणसे होती तिथेच राहिली, सीमा तेवढी हलली.

तिथे मी ज्या घरी उतरतो ते घर कापसाच्या अडत्याचे. ओळख माझी नव्हे, वडिलांची. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. आजोबांच्या मागोमाग, वयाच्या सोळाव्या वर्षी, नानांचे नाव दरबारी वादकांत लागले आणि एका उमरावाच्या देवडीवर ते दिलरुबा वाजवू लागले. पगार हाली सिक्क्यात मिळे. पुढे संस्थान गेले, देवडी गेली, पगार गेला. राहिला तो दिलरुबा. मग नाना शिकवण्या करू लागले, आणि दर पौषात महिनाभर या आदिलाबादच्या घरी येऊन राहत व मुलांना शिकवीत. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. लहानपणी चार-दोन वेळा त्यांचे बोट धरून या ओसरीवर मीही आलो आहे. नाना कधीच गेले. पण या घराने मला परके होऊ दिले नाही.

त्या दिवशी घरातल्या नातवाचा वाढदिवस होता. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे तिळगूळ आणि तेलंगणातले सकिनालु एकाच ताटलीत. औक्षण झाले आणि माझ्याकडे परीक्षेला बसलेल्या एका मुलीने पेटीवर वाढदिवसाचे ते सुप्रसिद्ध गाणे सुरू केले. रफीसाहेबांच्या आवाजातले हे गाणे ठाऊक नाही असे घर निदान मला तरी भेटलेले नाही. माझ्या वर्गात येणारा प्रत्येक पालक वर्षातून एकदा तरी म्हणतो, "मास्तर, तेवढं ते वाढदिवसाचं बसवून घ्या." गाणे संपले आणि अडत्याकाका सहज म्हणाले, "फर्जमधलं आहे हे. काय सिनेमा होता!"

एवढ्यावर विषय संपायचा. पण शेजारी बसले होते त्यांचे बालमित्र, निवृत्त हेडमास्तर. घरी तेलुगू, दारी मराठी असा त्यांचा जन्म गेला. गावात त्यांना सारे मास्टारू म्हणतात. ते चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "गाणं तुमचं असेल, बाबा. गोष्ट आमची आहे."

झाले! पुढचे दोन तास त्या ओसरीवर जो वाद रंगला, तसा मी गायकांच्या घराण्यांवरूनही क्वचितच ऐकला आहे.

मास्टारूंचे म्हणणे खोटे नव्हते. १९६६ साली तेलुगूत 'गूढचारी ११६' नावाचा चित्रपट निघाला. नायक कृष्णा, आदल्याच वर्षी 'तेने मनसुलु'तून पडद्यावर आलेला तरुण; नायिका जयललिता, ज्या पुढे तमिळनाडूच्या मुख्यमंत्री झाल्या. तेलुगू पडद्यावरचा हा पहिला जेम्स बाँड, असे त्या चित्रपटाचे वर्णन आजही करतात. छायाचित्रण होते रविकांत नगाइच यांचे. निर्मात्यांनी तीच कथा दुसऱ्या वर्षी हिंदीत काढली, तेव्हा दिग्दर्शन याच नगाइचांच्या हाती दिले. तो १९६७चा 'फर्ज'. कृष्णाच्या जागी जितेंद्र आला, जयललितेच्या जागी बबिता; ११६ हा आकडा मात्र तोच राहिला.

"पण चाल कोणाची?" काका म्हणाले. "लक्ष्मीकांत-प्यारेलालची. लक्ष्मीकांत म्हणजे आपला कुडाळकर! अन् जितेंद्र तरी कोणाचा? गिरगावात वाढलेला, शांतारामबापूंच्या हाताखाली तयार झालेला."

आपला-तुपला करण्यात माणूस किती चतुर असतो पाहा. जितेंद्र जन्माने पंजाबी. पण गिरगाव आणि व्ही. शांताराम या दोन आधारांवर काकांनी त्याला घरात घेऊन टाकले. मास्टारूही काही कमी नाहीत. ते म्हणाले, "हिरो राहू द्या. हिरो कोणीही चालतो. पळायला आला, गायला आला, झालं. हेराच्या सिनेमात खरं काम असतं व्हिलनचं. आमच्याकडे राजनाला होता. तो नुसता उभा राहिला की पोरं आईच्या पदरामागे जात. तुमच्याकडे कोण होतं?"

"सज्जन होता."

"बघा!" मास्टारूंनी टाळी दिली. "दुर्जनाच्या कामाला सज्जन! इथंच तुमचा सिनेमा हरला."

ओसरी हसली. पण मास्टारूंनी नकळत वादाला खरे तोंड पाडले होते. नायक कोण चांगला, हा प्रश्न मागे पडला आणि खलपुरुष कोण थोर, यावर सगळे आपापली शस्त्रे काढून बसले. कोणी 'आँखें'ची बाजू घेतली. रामानंद सागरांचा १९६८चा हा हेरपट. त्यात जीवन आहेत, मदन पुरी आहेत. पण घरातल्या बायकांनी एकमताने कौल दिला तो आपल्या ललिता पवारांना. घरच्या माणसाचे सोंग घेऊन घरात शिरलेली हेर त्यांनी अशी वठवली की बाहेरच्या शंभर बंदूकधाऱ्यांपेक्षा आतल्या त्या एका बाईची धास्ती वाटावी. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा एक डोळा कायमचा अधू झाला, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या अधू डोळ्याने त्यांनी पुढची कित्येक वर्षे अवघ्या देशातल्या सुनांना घाबरवले.

मी नागपूरच्या अभिमानाने 'एजंट विनोद'चे नाव घेतले. १९७७चा हा चित्रपट. संगीतकार राम-लक्ष्मण; त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. जोडीदार लवकर गेला, तरी पाटलांनी अखेरपर्यंत, म्हणजे २०२१ साली नागपुरातच त्यांचे निधन होईपर्यंत, नाव जोडीचेच चालवले. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांनी महाराष्ट्राला त्यांची ओळख करून दिली आणि या हेरपटाने हिंदीला. या चित्रपटात के. एन. सिंग आहेत. हा नट माझ्या विशेष आवडीचा. भुवई किंचित वर, ओठांत सिगारेट, आणि आवाज कधी चढवायचा नाही. मंद्रातच सगळा कारभार.

काकांचा पुतण्या हैदराबादेत नोकरी करतो. तो इतका वेळ आम्हा वडीलधाऱ्यांची मौज पाहत होता. तो म्हणाला, "तुम्ही सगळे जुने झालात. २०१८चा 'गूढचारी' पाहा. अडिवी शेषचा. नायकाचा आकडा मुद्दाम ११६च ठेवलाय, जुन्याला नमस्कार म्हणून. आणि व्हिलन जगपती बाबू." मग जरा थांबून तो म्हणाला, "ज्यांनी पाहिला नाही त्यांनी कान झाका. शेवटी कळतं की तो व्हिलन म्हणजे नायकाचाच बाप."

"हे काय!" काका म्हणाले. "बाप कुठं व्हिलन असतो?"

या वादात माझा कल विचारला गेला तेव्हा मी संगीतमास्तराला शोभेल असेच उत्तर दिले. आमच्या शास्त्रात रागातल्या स्वरांचे एक छोटेसे राज्य कल्पिले आहे. वादी स्वर हा राजा, संवादी हा मंत्री, अनुवादी हे सेवक, आणि विवादी हा शत्रू. शिकाऊ मुलाला आम्ही सांगतो, विवादी स्वर लावायचा नाही, राग बिघडतो. पण हाताशी आलेला गवई तो लावतो. केव्हा? जेव्हा रागाचे सौंदर्य एकदम उजळायचे असते तेव्हा. तो किती लावायचा, कोणत्या स्वराच्या आडून लावायचा, हे सारे मोजून ठरलेले असते. माझ्या मते चांगल्या हेरपटात खलपुरुष हा असा विवादी स्वर असतो. तो जितका मोजका, जितका आपल्या सुरांच्या जवळचा, तितका नायक खुलतो. सतत गडगडाटी हसणारा खलपुरुष म्हणजे रागात विवादी स्वरावरच ताना घेत बसणारा गवई.

मूळ बाँडचेच पाहा. १९६२च्या 'डॉ. नो'पासून गाजलेली ती सुप्रसिद्ध धून माँटी नॉर्मन यांची; तिला तो वाद्यवृंदाचा साज चढवला जॉन बॅरी यांनी. पण ती चाल मुळात बाँडसाठी झालीच नव्हती. व्ही. एस. नायपॉल यांच्या त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबावरच्या कादंबरीचे संगीतक करायचे चालले होते, त्यासाठी नॉर्मननी ती बांधली होती. ते संगीतक रंगभूमीवर आले नाही, आणि सातासमुद्रापार गेलेल्या एका भारतीय बिऱ्हाडाचे गाणे इंग्रजांच्या हेराची सलामी होऊन बसले. १९६४च्या 'गोल्डफिंगर'मधला खलपुरुष साकारणारे गर्ट फ्रोब हे जर्मन नट; त्यांच्या तोंडचा इंग्रजी आवाज दुसऱ्याच नटाचा आहे. म्हणजे हेरपटात नायकाची धून उसनी असू शकते आणि खलपुरुषाचा गळाही. कोण आपला, कोण परका, हे ठरवणे पडद्यावरही इतके सोपे नाही.

पुतण्याने मग 'आरआरआर' काढला. तो काही शुद्ध हेरपट नव्हे. पण त्यात दोन्ही नायक सोंगे घेऊन वावरतात, आणि त्यातला एक कोमरम भीम हा तर या मातीतला. २०२२च्या त्या चित्रपटात भीमाचा शत्रू इंग्रज गव्हर्नर आहे. इथल्या गोंडांना मात्र खरा भीम ठाऊक आहे. त्याचे भांडण निजामी अंमलाशी होते. जंगलखात्याशी, जमीन हिरावणाऱ्यांशी. १९४० साली जोडेघाटाच्या डोंगरात तो पोलिसांशी लढताना पडला. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा जोडेघाट ज्या जिल्ह्यात गेले त्याला भीमाचेच नाव दिले आहे. चित्रपट ही कल्पना आहे हे तो करणाऱ्यांनी आधीच सांगितले होते. पण पडद्याला शत्रू सोयीचा लागतो, एवढे त्यावरून दिसतेच. मी मुकाट ऐकत होतो. ज्या अंमलाशी भीम लढला, त्याच अंमलाच्या छायेत माझ्या घरची चूल पेटली होती.

बोलता बोलता मास्टारूंना एक गंमत आठवली. "मास्तर, तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्या नानांना आम्ही पोरं काय म्हणत होतो सांगू? गूढचारी!"

सिनेमा गावात येऊन गेलेला. नाना हैदराबादहून उतरत, काळी टोपी, लांब कोट, आणि खांद्याला दिलरुब्याची ती लांबट गवसणी. पोरांना वाटे आत बंदूक आहे. शाळा सुटली की ही फौज खांबांच्या आडून त्यांच्या मागे मागे या ओसरीपर्यंत यायची आणि "एकशे सोळा! एकशे सोळा!" म्हणून ओरडून पळायची.

"नाना हसत असतील," मी म्हणालो.

"तेच तर," मास्टारू म्हणाले. "ते कधी हसले नाहीत. एकदा मात्र माझा हात धरून म्हणाले, 'बाळ, हा शब्द कोणाला सहज म्हणू नये.' मला वाटलं, गायन-मास्तर आहेत, कडक असणारच."

मी हसण्यावारी नेले आणि माझी विद्वत्ता पाजळली. गूढचारी हा शब्द तेलुगू खरा, पण घराणे चाणक्याचे. अर्थशास्त्रात हेरांना 'गूढपुरुष' म्हटले आहे, आणि त्यांनी कोणकोणती सोंगे घ्यावीत याची यादीच आहे. व्यापारी, तापसी, भिक्षुकी. आणि त्यांच्या जोडीला नट, नर्तक, गायक, वादक. गवयाला कोणाच्याही घरात शिरता येते, रात्री उशिरापर्यंत बसता येते, आणि त्याच्यासमोर लोक सैल बोलतात. तेव्हा चाणक्याच्या हिशेबाने आम्ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या संशयितच! आपल्याकडचे जुने हेरनाट्य विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस', तेही चाणक्याचेच. त्यात गारुडी होऊन फिरणारा हेर आहे, क्षपणक होऊन फिरणारा आहे, आणि सगळे कारस्थान एका अंगठीभोवती फिरते. पण त्यातली खरी गोष्ट ही की ज्याच्यावर हे सारे जाळे टाकले तो अमात्य राक्षस वाईट माणूस नाही. तो बुडालेल्या नंदांचे मीठ विसरत नाही, एवढाच त्याचा गुन्हा. चाणक्याला त्याचा जीव नको असतो. तो आपल्याकडे यायला हवा असतो. शेवटी चंद्रगुप्ताचा मंत्री होतो तो हाच राक्षस.

माझे हे व्याख्यान चालू असताना कोपऱ्यात खाटेवर आत्याबाई पडल्या होत्या. काकांच्या या सख्ख्या आत्या, वय ब्याण्णव. ऐकू कमी येते असा घरात समज आहे. त्या उठून बसल्या.

"मघापासून इचारता," त्या म्हणाल्या, "कोण खराब, कोण चांगला. ह्या मास्तरच्या बापाच्या बाजाचं कातडं कोणं फाडलं होतं, ठाऊक हाय का कोणाले?"

कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. त्या दिलरुब्याच्या तोंडावरचे कातडे मागाहून बसवलेले आहे, त्याचा रंग बाकीच्या अंगाशी जुळत नाही, एवढे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. नानांना विचारले तर ते म्हणत, "पावसाळ्यात गेलं."

पावसाळ्यातच गेले होते. १९४८चा पावसाळा. शहरात दिवस वाईट होते. आजोबांनी आजीला आणि अठरा वर्षांच्या नानांना आदिलाबादला नातेवाइकांकडे पाठवून दिले. इकडे या घरातली तरणी पोरे लढ्यात. रात्री पैनगंगा ओलांडायची, वऱ्हाडातून चिठ्ठ्या आणायच्या, उजाडायच्या आत परत. अशा वेळी देवडीचा पगार खाणारा एक मुलगा गावात येतो, त्याच्याकडे लांबट गवसणी, आणि तो संध्याकाळी घराघरांतून गाणे ऐकवत फिरतो. कोणीतरी म्हणाले, हा देवडीचा कान आहे. एका रात्री त्याला या ओसरीवर बोलावून घेतले.

"मारलं नाही कोणं," आत्याबाई म्हणाल्या. "खोटं कायले सांगू. पण गवसणी सोडाले लावली. बाजाच्या पोटात काही कागद हाय का पाहाले माह्या दादानं चाकू घेतला अन् कातडं उभं चिरलं. मी दाराआड होते. कागद कुठचा! मंधी नुसता पोकळ. नाना काहीच बोलला नाही. चिरलेला बाजा त्यानं परत गवसणीत घातला, नाडी बांधली, अन् गेला."

ओसरीवर कोणी हलले नाही. ज्यांना त्या दादा म्हणत होत्या ते आमच्या अडत्याकाकांचे वडील. स्वातंत्र्यसैनिक म्हणून गावाने त्यांना मान दिला, आणि तो मान खराच होता. त्यांनी जिवावर उदार होऊन नदी ओलांडली होती. त्या रात्री त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित चाकू घेतला असता. आणि देवडीत तरी नानांचे काय होते? तिथे हा मराठी मुलगा, म्हणजे बाहेरच्या मंडळींना फितूर, असे म्हणणारे होतेच. हे आजोबांच्या तोंडून आलेले नाना मला एकदा बोलले होते. आत बाहेरचा, बाहेर आतला. अठरा वर्षांच्या मुलाने दिलरुबा वाजवला एवढाच काय तो पुरावा.

"मग?" पुतण्याने विचारले.

"मग काय. सप्टेंबरात फौज आली, निजाम गेला. दादाच्या मनात मात्र ते राहिलं. चार वर्सांनी तो हैदराबादले गेला, नानाचं घर हुडकलं. माफी मागतो म्हणाला. नानानं चहा पाजला म्हणे, अन् इचारलं, 'तुमच्या घरी गाणं शिकणारं कोणी आहे का?'" आत्याबाई थांबल्या. "पहिली शिकणारी मी. तवापासून दर पौषात नाना इथं येत होता."

काका बराच वेळ ताटलीतल्या तिळगुळाकडे पाहत बसले. मघाशी बाप कुठे खलनायक असतो म्हणून ते हसले होते. मला त्यांना सांगावेसे वाटले की काका, तुमचे वडील खलनायक नव्हते. ते नदी ओलांडून गेले तसेच ओशाळून चार वर्षांनी हैदराबादलाही गेले, आणि दुसरा प्रवास पहिल्यापेक्षा अवघड असतो. पण असे मोठ्या माणसाला सांगायचे नसते. मी त्यांचा हात हातात घेतला, तेवढेच.

वाचकहो, हेरपट मला अजूनही आवडतात. मी हैदराबादला परतलो त्या आठवड्यात 'फर्ज' पुन्हा पाहिला. जितेंद्रचे पांढरे बूट आणि सज्जनचे कारस्थान यांचा यथास्थित आनंद घेतला. पडद्यावर शत्रू कोण हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळते, आणि कळलेच पाहिजे, नाहीतर तिकिटाचे पैसे कशासाठी? आपल्या घराच्या ओसरीवर मात्र ते कळायला चार वर्षे लागतात, कधी सत्त्याहत्तर. आपल्या जुन्या कुटुंबांपैकी कितीतरी जणांच्या घरात १९४८ची अशी एखादी चिरलेली वस्तू गवसणीत बांधून ठेवलेली असेल. त्यांतल्या निम्म्यांना ती कोणी चिरली हे ठाऊक नसेल, आणि ज्यांना ठाऊक आहे ते ब्याण्णव वर्षांचे असतील.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आत्याबाईंनी फर्माईश केली. नानांनी शिकवलेला बिहाग. मी पेटी पुढे ओढली. जाणकारांना ठाऊक आहेच की बिहागात तीव्र मध्यम हा मुळात विवादी, परका स्वर. जुने गवई पंचमाच्या आडून त्याला केवळ स्पर्श करीत. पुढे पुढे तो इतका आवडू लागला की आज तीव्र मध्यमावाचून बिहाग ओळखू येणार नाही. कालचा शत्रू घरचाच होऊन बसला. मी आजच्या रीतीप्रमाणे गात होतो. तीव्र मध्यमावर जरा विसावलो, आणि खाटेवरून आवाज आला.

"तिथं इतका येळ थांबू नको, पोरा. नाना नुसता शिवून जायचा."

मी पेटीवरचा हात काढला आणि पुन्हा गंधारापासून सुरुवात केली.